सकाळ मंदिरांची, संध्याकाळ महानगराची : जपान सहलीचे नियोजन

घरात जपानच्या सहलीचा विषय निघाला की बहुधा दोन याद्या तयार होतात. मुलांच्या यादीत शिबुयाचा गजबजलेला चौक, अकिहाबाराची खेळण्यांची दुकाने, डिस्नेलँड आणि ताशी २८५ किलोमीटर वेगाने धावणारी शिंकान्सेन असते. थोरांच्या यादीत क्योटोचे सुवर्णमंदिर, फुशिमी इनारीची शेंदरी कमानींची रांग आणि नाराचा महाबुद्ध. दोन्ही याद्या एकत्र केल्या की पंधरा दिवसांची धावपळ तयार होते आणि खर्चाचा आकडा पाहून बेत पुढच्या वर्षावर ढकलला जातो. काही कुटुंबे उलट मार्ग धरतात. सहा दिवसांत पाच शहरे उरकतात आणि रेल्वे स्थानके व हॉटेलांचे स्वागतकक्ष पाहून परततात.

मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ही सहल सहसा एकदाच होते. कित्येक वर्षांची बचत तिच्यात खर्ची पडते आणि सोबतच्या आई-वडिलांचे गुडघे पुन्हा साथ देतीलच असे नसते. म्हणून काय पाहायचे यापेक्षा काय वगळायचे आणि कोणत्या वेळी काय पाहायचे, याचा निर्णय आधी व्हायला हवा.

घड्याळाचा साधा नियम

जपानमधील बहुतेक मोठी मंदिरे आणि उद्याने सायंकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. अनेक ठिकाणी शेवटचा प्रवेश त्याच्याही अर्धा तास आधी असतो. त्याउलट मोठी दुकाने सकाळी दहा-अकराशिवाय उघडत नाहीत, आणि महानगराचा झगमगाट पाहायचा तर अंधार पडावाच लागतो. क्योटोतील कियोमिझु-देरा मंदिर सकाळी सहाला उघडते. फुशिमी इनारी देवस्थान तर चोवीस तास खुले असते आणि तेथे प्रवेशशुल्कही नाही. सकाळी साडेसहाला तेथे पाखरांचा आवाज ऐकू येतो, अकरा वाजता माणसांच्या रांगेतून पुढे सरकावे लागते.

यातून नियोजनाचे सूत्र आपोआप मिळते : सकाळ मंदिरांची, संध्याकाळ महानगराची, आणि मधली दुपार विश्रांतीची किंवा संग्रहालयाची. हे सूत्र पाळले तर दोन याद्यांमधील भांडण बरेचसे मिटते, कारण प्रत्येक दिवसात दोघांच्याही वाट्याला काही ना काही येते. क्योटो थोरांचे आणि टोकियो मुलांचे, अशी वाटणी करण्याची गरज उरत नाही.

किती दिवस, किती मुक्काम

पहिल्या सहलीसाठी दहा रात्री पुरेशा आहेत : टोकियोत पाच, क्योटोत चार आणि परतीच्या आदली एक ओसाकात. नारा, कामाकुरा ही ठिकाणे या मुक्कामांवरूनच एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येतात. मुक्काम बदलला की बॅगा भरणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे आणि नव्या खोलीचा ताबा दुपारी तीनपर्यंत न मिळणे, यात जवळजवळ अर्धा दिवस जातो. चार वेळा हॉटेल बदलणे म्हणजे दोन दिवस गमावणे.

दुसरा महत्त्वाचा निर्णय विमानाच्या तिकिटाचा. टोकियोत उतरून टोकियोतूनच परतण्याऐवजी टोकियोत उतरून ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परतावे. त्यामुळे क्योटोहून टोकियोला मागे येण्याचा सुमारे १४,००० येनांचा रेल्वेखर्च आणि अर्धा दिवस वाचतो. भारतातून टोकियोला दिल्ली, मुंबई, बेंगळुरू येथून थेट विमाने आहेत. गोव्यातून निघणाऱ्यांना यांपैकी एखाद्या शहरातून किंवा आग्नेय आशियातील एखाद्या शहरातून विमान बदलून जावे लागते. असे तिकीट शोधताना जाण्याचे व येण्याचे शहर वेगळे ठेवण्याचा पर्याय निवडावा. अनेकदा दरात फारसा फरक पडत नाही.

केव्हा जावे

चेरीचा बहर टोकियो आणि क्योटोत साधारणपणे मार्चच्या अखेरीस व एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो. तो जेमतेम आठवडाभर टिकतो आणि त्या काळात हॉटेलांचे दर चढलेले असतात. शिवाय आपल्याकडे तेव्हा परीक्षांचे किंवा नव्या वर्गाच्या आरंभाचे दिवस असतात.

मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानमध्ये अनेक सार्वजनिक सुट्ट्या असतात आणि तेव्हा सारा देश प्रवासाला निघतो. त्या संपल्यानंतरचे, म्हणजे साधारण ८ मेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे दिवस उत्तम. हवा सुखद, झाडे हिरवीगार आणि गर्दी तुलनेने कमी. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता. चतुर्थीच्या सुट्टीला जोडून जाण्याचा बेत म्हणूनच जोखमीचा.

दिवाळीच्या सुट्टीत हवा छान असते. पण क्योटोतील मेपलची पाने सहसा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पूर्ण रंगतात. दिवाळी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या आरंभी आली तर लाल पानांच्या छायाचित्रांवरून बांधलेल्या अपेक्षा थोड्या आवरत्या घ्याव्यात.

व्हिसा आणि आधीची आरक्षणे

भारतीय नागरिकांना जपानचा व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठीचा एकप्रवेशी व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो. अर्जासोबत आर्थिक क्षमतेची कागदपत्रे तर लागतातच, शिवाय कोणत्या दिवशी कोठे असणार याचे दिनवार वेळापत्रकही द्यावे लागते. त्यामुळे बेत ठरल्याशिवाय अर्ज होत नाही. हॉटेलांची आरक्षणे शुल्काविना रद्द करता येतील अशीच करावीत. जपानच्या विमानतळावर इलेक्ट्रॉनिक व्हिसाची सूचना मोबाईलवर इंटरनेटद्वारे उघडून दाखवावी लागते. छापील प्रत किंवा पडद्याचे टिपलेले चित्र ग्राह्य धरत नाहीत. म्हणून तेथे उतरताक्षणी चालेल असे मोबाईल इंटरनेट हाती हवे.

काही ठिकाणांची तिकिटे दारात मिळत नाहीत. मिताका येथील जिबली संग्रहालयाची पुढील महिन्याची तिकिटे दर महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला, विक्रीस निघतात. शिबुया स्काय या २२९ मीटर उंचीवरील गच्चीची सूर्यास्ताच्या वेळेची तिकिटे लवकर संपतात. टीमलॅबच्या प्रकाशकलेच्या दालनांना आणि डिस्नेलँडलाही आगाऊ तिकीटच घ्यावे. उंचावरून शहर पाहणे एवढाच हेतू असेल तर शिंजुकूतील महानगर शासनाच्या इमारतीत ४५व्या मजल्यावरून, २०२ मीटर उंचीवरून, ते विनाशुल्क पाहता येते.

टोकियो : नव्याच्या शेजारी जुने

टोकियोत मुक्कामासाठी उएनो किंवा असाकुसा हे भाग सोयीचे. नारिता विमानतळावरून तेथे थेट रेल्वे आहे आणि खोल्यांचे दर शिंजुकू-शिबुयापेक्षा सहसा कमी असतात.

पहिली सकाळ असाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरासाठी ठेवावी. सुमिदा नदीत दोन कोळी बांधवांच्या जाळ्यात करुणामूर्ती कान्नोनची प्रतिमा सापडली आणि तेथे हे मंदिर उभे राहिले, अशी कथा आहे. त्या घटनेचे वर्ष परंपरेने इसवी सन ६२८ मानले जाते. समुद्रात किंवा नदीत देव सापडल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला ती ओळखीची वाटेल. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. तेथून जवळच उएनोच्या शिनोबाझु तळ्यातील बेटावर बेन्झाइतेनचे मंदिर आहे. हाती तंतुवाद्य घेतलेली ही देवता म्हणजे बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे तेथे पोहोचलेली सरस्वती. दुपारी राष्ट्रीय संग्रहालय पाहावे आणि दिवे लागल्यावर चालत जाण्याइतक्या अंतरावरील अकिहाबारा गाठावे. एका दिवसात दोन्ही याद्यांचे समाधान होते.

दुसरा दिवस मेइजी देवस्थानापासून सुरू करावा. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ १९२० मध्ये ते उभारले गेले. भोवतालचे घनदाट वन नैसर्गिक वाटते, पण देशभरातून दान आलेली सुमारे एक लाख झाडे लावून ते घडवले आहे. वनातून बाहेर पडताच हाराजुकूची ताकेशिता गल्ली लागते. तेथे किशोरवयीन मुलांच्या कपड्यांचा आणि गोडधोडाचा बाजार असतो. पुढे चालत शिबुया. तेथील चौकात हिरवा दिवा लागताच सर्व दिशांनी माणसे एकदम रस्ता ओलांडतात. हा देखावा संध्याकाळी अधिक खुलतो.

तिसरा दिवस मुलांचा : डिस्नेलँड, जिबली संग्रहालय किंवा टीमलॅब यांपैकी एकच काही. १९८३ मध्ये सुरू झालेले टोकियोचे डिस्नेलँड हे अमेरिकेबाहेरील पहिले. ज्येष्ठांना तेथे ओढत नेऊ नये. त्यांनी तो दिवस एखाद्या उद्यानात घालवावा.

चौथा दिवस कामाकुराचा. टोकियोहून रेल्वेने सुमारे एक तास. तेराव्या शतकातील, अकरा मीटरांहून उंच कांस्य अमिताभ बुद्ध तेथे उघड्या आकाशाखाली बसलेला आहे. त्याच्याभोवतीचे मंदिर लाटांनी आणि वादळांनी वाहून नेले, ते पुन्हा बांधले गेले नाही.

क्योटो आणि नारा : जुने म्हणजे काय

टोकियो ते क्योटो हे अंतर सर्वांत वेगवान नोझोमी गाडी साधारण सव्वादोन तासांत कापते. टोकियोहून जाताना उजव्या बाजूची खिडकी मागावी. हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासाने फुजी पर्वत दिसतो. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल तर त्यासाठी विशिष्ट जागेचे आरक्षण आधी करावे लागते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मोठ्या बॅगा सामानवाहक सेवेने एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवणे. त्या सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. एका रात्रीचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत घेऊन मोकळ्या हातांनी प्रवास करता येतो. ज्येष्ठ सोबत असतील तर हा खर्च वाचवू नये.

क्योटो ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानच्या सम्राटांची राजधानी होती. क्योटो, उजी आणि ओत्सु या शहरांतील १७ वास्तूंचा समावेश १९९४ मध्ये जागतिक वारशात झाला. तरीही तेथे पोहोचल्यावर अनेकांच्या मनात एक शंका येते. ज्याच्यासाठी इतक्या दूर यावे ते किंकाकु-जी, म्हणजे सुवर्णमंदिर, १९५० मध्ये जळाले आणि आजची वास्तू १९५५ मधली. सेन्सो-जीचे मुख्य सभागृह १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट होऊन १९५८ मध्ये पुन्हा उभे राहिले. कियोमिझु-देराच्या आजच्या वास्तू १६३३ मधल्या. मग ‘प्राचीन’ ते काय? लाकडात बांधणाऱ्या संस्कृतीत दगडी लेण्यांचा निकष लावून चालत नाही. इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी मुद्दाम नव्याने बांधतात, जेणेकरून बांधण्याची विद्या पुढच्या पिढीच्या हाती जावी. तेथे जपले जाते ते रूप आणि कौशल्य. हे मनात ठेवून पाहिले तर निराशा होत नाही.

गोव्याच्या वाचकासाठी येथे इतिहासाचा एक धागा आहे. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले, ते गोव्यातच शिकलेल्या आंजिरो या जपानी माणसाच्या सोबतीने. १५५१ च्या आरंभी ते सम्राटाच्या भेटीसाठी क्योटोला गेले. पण यादवी युद्धांनी शहर उजाड झाले होते आणि भेट न होताच त्यांना परतावे लागले. आज दिसणारे क्योटो हे त्या राखेतून पुन्हा उभे राहिलेले शहर आहे.

पहिल्या सकाळी कियोमिझु-देरा, मग चढणीच्या गल्ल्यांतून उतरत सान्जुसान्गेन्दो. या सुमारे १२० मीटर लांब सभागृहात कान्नोनच्या १,००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत. त्यांच्यापुढे असलेल्या २८ रक्षक देवतांमध्ये ब्रह्मा, इंद्र, नारायण आणि गरुड यांची जपानी रूपे भेटतात. भारतीय प्रवाशाने हे ठिकाण चुकवू नये, आणि ते सपाट असल्याने ज्येष्ठांनाही सोपे आहे.

दुसऱ्या दिवशी नारा. क्योटो स्थानकावरून नारा मार्गाची साधी गाडी घेतली तर दुसऱ्याच स्थानकावर, इनारी येथे, फुशिमी इनारी लागते. पहाटे तेथे उतरावे. डोंगराचा पूर्ण फेरा दोन-तीन तासांचा आहे, पण तोरीच्या, म्हणजे लाल कमानींच्या, दाट रांगा खालच्या टप्प्यातच आहेत. ज्यांना चढण झेपत नाही त्यांनी तेथून परतावे. मग त्याच मार्गाने नारा गाठावे. तोदाई-जी मंदिरातील सुमारे १५ मीटर उंच महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. नारात मोकळी फिरणारी हरणे मुलांना आवडतात, मात्र खाऊ हाती दिसताच ती कपडे ओढतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आराशियामाचे वेळूचे बन आणि तेन्रियु-जीचे उद्यान, दुपारी किंकाकु-जी व १५ दगडांचे रियोआन-जी. क्योटोच्या बस पर्यटनकाळात भरलेल्या असतात. शक्य तेथे रेल्वे आणि मेट्रो वापरावी. दोन्हींसाठी मिळून मेट्रो-बसचा एक दिवसाचा पास १,१०० येनांना मिळतो, मात्र तो जेआरच्या गाड्यांत चालत नाही. शेवटची संध्याकाळ ओसाकाच्या दोतोन्बोरीत, दिव्यांच्या पाट्या आणि खाद्यगाड्यांच्या गर्दीत घालवावी.

रेल्वे पासचे बदललेले गणित

‘जपानला जाताय तर रेल्वे पास घ्याच’ हा सल्ला अजूनही दिला जातो. तो जुना झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासचा दर २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो-क्योटो एका बाजूचे भाडे सुमारे १४,००० येन आहे. वर सुचविलेल्या बेतात हा प्रवास एकदाच होतो. नारा आणि कामाकुरा धरूनही बेरीज पासच्या निम्म्यापर्यंत जात नाही. शिवाय पासधारकाला नोझोमीसाठी वेगळा अधिभार द्यावा लागतो. चौघांच्या कुटुंबाने सवयीने पास घेतला तर हजारो रुपये व्यर्थ जातात. शहरांतर्गत प्रवासासाठी सुईका किंवा इकोका हे पैसे भरून वापरायचे कार्ड घ्यावे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे पडते, मात्र त्यांचे कार्ड वेगळे असते.

जेवणाचा प्रश्न

मासे खाणाऱ्यांना जपानमध्ये अडचण नाही. भात आणि मासळी हे तेथीलही मुख्य अन्न. शाकाहारी कुटुंबांनी मात्र ‘मांस नाही’ एवढे विचारून समाधान मानू नये. दाशी हा जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला अर्क बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो आणि तो सूप, नूडल्स, भाज्या, एवढेच काय टोफूवरील रसातही उतरतो. रामेनचा रस्सा अनेकदा डुकराच्या हाडांचा असतो. ‘मांस, मासे आणि माशाचा दाशी चालत नाही’ हे वाक्य जपानीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे.

उत्तम पर्याय जपानच्याच परंपरेत आहे. झेन मठांतील शोजिन र्‍योरी हा आहार मांस-मासे टाळतो आणि कांदा-लसूणही वर्ज्य मानतो. दाशी तेथे समुद्रशेवाळ आणि मशरूमचा असतो. तेन्रियु-जीच्या आवारातील शिगेत्सु या भोजनगृहात तो आगाऊ सांगून मिळतो. दुपारच्या जेवणाला हा अनुभव घ्यावा. टोकियोत घरच्या चवीची ओढ लागली तर एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे भारतीयांची मोठी वस्ती, किराणा दुकाने आणि शाकाहारी उपाहारगृहे आहेत. याच विभागाच्या सभागृहावर २०१९ मध्ये मराठी भाषक योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

पाहुण्याचे भान

क्योटोतील गर्दी हा आता तेथील रहिवाशांच्या जगण्याचा प्रश्न झाला आहे. गिओनमध्ये गेइको आणि माइको यांचा पाठलाग करून छायाचित्रे घेण्याचे प्रकार वाढल्यानंतर २०२४ मध्ये तेथील काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. उल्लंघन केल्यास १०,००० येन दंडाचे फलक लागले. मार्च २०२६ पासून क्योटोने मुक्काम-करही वाढवला आहे. रेल्वेत मोठ्याने बोलणे, फोनवर गप्पा, चालता-चालता खाणे टाळावे. कचरापेट्या क्वचितच दिसतात, म्हणून पिशवी जवळ ठेवावी. बक्षिशी देण्याची पद्धत नाही. चटयांच्या खोलीत पादत्राणे, अगदी घरातली सपाताही, काढून जावे.

निघण्यापूर्वीची उजळणी

सहा महिने आधी : महिना ठरवावा, पारपत्राची मुदत तपासावी, वेगवेगळ्या शहरांची विमान तिकिटे पाहावीत.

चार महिने आधी : टोकियो, क्योटो, ओसाका येथे रद्द करता येणारी हॉटेले घ्यावीत. एका रात्रीसाठी पारंपरिक रियोकान हवे असल्यास आहाराची अट तेव्हाच कळवावी.

दोन महिने आधी : दिनवार वेळापत्रकासह व्हिसाचा अर्ज करावा, जिबली व इतर तिकिटांच्या तारखा टिपून ठेवाव्यात.

पंधरा दिवस आधी : रोख येन, मोबाईल इंटरनेट, दोन चपट्या दांड्यांचा विद्युत जोड, नेहमीची औषधे आणि रोज दहा-बारा किलोमीटर चालणे सोसतील असे सवयीचे बूट. नवे बूट घेऊन जाऊ नयेत.

आणि शेवटी, तयार झालेल्या वेळापत्रकातून प्रत्येक दिवसातील एक ठिकाण खोडावे. त्या मोकळ्या तासात एखाद्या मंदिराच्या ओसरीवर आजी-आजोबांना टेकता येईल आणि मुलांनाही बागेतील तळ्याकाठी थोडे रेंगाळता येईल.